ओझे वाहणारा क्रँक आणि धावणारे यंत्र

अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीच्या प्रदेशात, कुंपणाच्या कडेला, गवतात चाकांपर्यंत रुतलेला एखादा जुना ट्रक पुष्कळदा दृष्टीस पडतो. त्याचा रंग उडालेला असतो, काचा फुटलेल्या असतात, बैठकीच्या गादीत उंदरांनी घर केलेले असते. कधी त्याने धान्य वाहिले, कधी खडी वाहिली. त्याच जातीचे यंत्र बसविलेल्या एखाद्या पिवळ्या बसने शेजारच्या गावातील मुले शाळेत नेऊन पोहोचविली. आता त्याची किंमत लोखंडाच्या वजनाने होते. अशा ट्रकापाशी एखादा माणूस येतो, गंजलेले झाकण उचलतो, यंत्रावरील अंक घासून वाचतो, आणि मालकाला वजनाच्या भावापेक्षा चार पैसे अधिक देऊ करतो. मालकाला नवल वाटते. त्या माणसाला ट्रक नको असतो. यंत्रही सगळे नको असते. त्याला हवी असते त्या यंत्राच्या पोटातील एकच वस्तू, आणि ती म्हणजे क्रँकशाफ्ट.

ओझे ओढण्यासाठी घडविलेला हा क्रँक त्याला शर्यतीच्या, किंवा निदान शर्यतीच्या तोडीच्या, वेगवान मोटारीच्या यंत्रात बसवावयाचा असतो. बैलगाडीचा आस काढून टांग्याला लावावा तसा हा उद्योग प्रथमदर्शनी वाटेल. तथापि त्याच्यामागे बराच विचार आहे, बरीच मोजमापे आहेत, आणि एक धोकाही आहे. त्या विचाराचा, मोजमापांचा आणि धोक्याचा परिचय करून घेणे, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

क्रँक म्हणजे काय, हे समजावयास पायाने चालविण्याचे शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणावे. पायाखालची फळी वरखाली होते. तिला जोडलेली कांब एका वाकड्या आसाला ढकलते आणि मोठे चाक गरगर फिरू लागते. वरखाली होणाऱ्या गतीचे फिरत्या गतीत रूपांतर करावयाचे, एवढेच त्या वाकड्या आसाचे काम. मोटारीच्या यंत्रात पायाच्या जागी पिस्टन असतो आणि कांबेच्या जागी कनेक्टिंग रॉड. सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या वाफेचा भडका होतो, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि त्याचा रेटा क्रँकच्या कोपरावर येतो. आठ सिलिंडरांच्या यंत्रात हे रेटे एकापाठोपाठ एक येत राहतात. शिंप्याचा पाय थकला म्हणजे थांबतो. हे आठ पाय थांबत नाहीत.

किती रेटे येतात, याचा हिशोब करण्यासारखा आहे. चार टप्प्यांच्या यंत्रात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. यंत्र मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर एका सिलिंडरचे मिनिटाला १,५०० आणि तासाला ९०,००० धक्के झाले. ट्रक हजार तास चालला तर एकेका सिलिंडरचे नऊ कोटी धक्के त्या क्रँकने सोसले असा अर्थ होतो. आणि हजार तास म्हणजे ट्रकाच्या आयुष्यातील थोडाच काळ.

एवढे सोसावयाचे, म्हणून ट्रकाचा क्रँक वेगळ्या रीतीने तयार करतात. पुष्कळशा साध्या मोटारींतील क्रँक ओतीव असतात. वितळलेले बीड साच्यात ओतले की आकार तयार होतो, आणि खर्च कमी येतो. पूर्वीचे साधे बीड मात्र ठिसूळ असे, कारण त्यातील कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा ही एक लहानशी चीरच असते. १९४३ साली अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम मिसळून पाहिले. तेव्हा तो कार्बन पापुद्र्यांऐवजी बारीक गोळ्यांच्या रूपाने गोठला आणि बिडाला चिवटपणा आला. हेच नोड्युलर बीड. मोटारीच्या क्रँकसाठी ते चांगले असते, आणि त्याला हलके लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याहूनही चिवट क्रँक घडीव पोलादाचा. लोहाराने लाल तापलेला तुकडा ऐरणीवर ठोकावा त्याप्रमाणे, पण प्रचंड घणाखाली, पोलादाचा तापलेला दांडा साच्यात चेपून त्याला आकार देतात. असे केल्याने लाकडात जसे रेशे असतात तशी धातूतील घडण कोपऱ्याकोपऱ्याशी वळत जाते, मध्येच तुटत नाही. नैसर्गिक रीतीने वाकड्या वाढलेल्या फांदीचा आकडा करवतीने कापून काढलेल्या आकड्यापेक्षा टिकतो, याचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला आहे. घडीव पोलादाचा गुण त्याच जातीचा.

आता आपण एका विशिष्ट उदाहरणाकडे वळू. फोर्ड कंपनीने १९५८ च्या मोटारींपासून आठ सिलिंडरांच्या यंत्रांचे एक घराणे बाजारात आणले. त्याला एफ.ई. असे म्हणतात. सिलिंडरांची एकंदर जागा जितके घन इंच भरे, त्या आकड्याने त्यातील प्रत्येक यंत्र ओळखले जाई. घरगुती मोटारींत ३५२ आणि ३९० घन इंचांची यंत्रे असत. १९६३ साली शर्यतीसाठी ४२७ नावाचे यंत्र निघाले. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना सात लिटरांची मर्यादा होती, आणि हे यंत्र त्या मर्यादेच्या अगदी काठावर बसे. त्याच वर्षी डेटोना येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिले पाचही क्रमांक फोर्ड मोटारींनी मिळविले. पुढे १९६६ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या जी.टी. ४० जातीच्या तीन मोटारी पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आल्या. त्या मोटारींतही हेच ४२७ यंत्र होते. विजयी मोटार ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांनी चालविली होती.

शर्यतीच्या या यंत्रातील क्रँक घडीव पोलादाचा होता. घरगुती ३९० मधील क्रँक मात्र ओतीव. यंत्रावर हौसेने काम करणाऱ्या सामान्य माणसाला ४२७ चा क्रँक मिळणे कठीण, आणि मिळाला तरी खिशाला न परवडणारा. येथे त्या घराण्यातील तिसरा भाऊ मदतीस आला. फोर्डने १९६४ पासून याच यंत्राची एक जड आवृत्ती मोठ्या ट्रकांसाठी काढली होती. तिला एफ.टी. म्हणत. ती ३३०, ३६१ आणि ३९१ घन इंचांत मिळे. त्यातील ३९१ च्या यंत्रात घडीव पोलादाचा क्रँक असे. मुख्य म्हणजे त्याच्या ज्या भागावर यंत्र टेकते, त्या मुख्य जर्नलांचा व्यास २.७४९ इंच, आणि कनेक्टिंग रॉडच्या जर्नलांचा व्यास २.४३८ इंच, ही मापे मोटारीच्या यंत्राशी जुळणारी. पिस्टनची धाव ३.७९ इंच, म्हणजे ३९० मधील ३.७८४ इंचांच्या इतकी जवळची की फरक केसाएवढा. शर्यतीच्या क्रँकला जे मोल होते, त्याच्या जातीची वस्तू भंगारात पडलेल्या ट्रकांच्या पोटात होती. ही गोष्ट कारागिरांच्या ध्यानात आली, आणि शेताच्या कडेला पडलेल्या त्या ट्रकांना मागणी सुरू झाली.

परंतु भाऊ असला तरी त्याचा सदरा आपल्याला बेताचा बसेलच असे नाही. ट्रकाचा क्रँक मोटारीच्या यंत्रात आहे तसा बसत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला, जेथे दातेरी चाक आणि पट्ट्याची पुली बसते, त्याचा व्यास १.७५० इंच असतो, आणि मोटारीच्या क्रँकचा १.३७५ इंच. तेव्हा दोन मार्ग राहतात. एक, ते टोक लेथवर धरून तासून बारीक करणे. दुसरा, ट्रकाचेच दातेरी चाक वापरणे, आणि पुढील पुली त्या जाड टोकाला बसेल अशी आतून कोरून मोठी करणे. पहिल्या मार्गात व्यासाबरोबर किल्लीची खाचही उथळ होते, म्हणून ती पुन्हा कापावी लागते. दुसऱ्या मार्गात क्रँकचा धातू शाबूत राहतो, पण पुढचा तेलाचा सील आणि झाकण यांची व्यवस्था बदलावी लागते. मागच्या टोकाला फ्लायव्हील व गिअरपेटीचा दांडा कसा बसतो, हेही प्रत्यक्ष मापून पाहावे लागते. शहाणा कारागीर येथे ऐकीव माहितीवर विसंबत नाही. मापाचे हत्यार हाती घेतो.

पण हे सर्व पुढचे. त्यापूर्वी एक प्रश्न सुटावा लागतो, आणि सगळ्या कामाचा जीव त्याच प्रश्नात आहे. वीस-तीस वर्षे ओझे ओढलेला हा पोलादी दांडा आतून अजून धडधाकट आहे काय?

हाती आलेला क्रँक खरोखर घडीव आहे की ओतीव, हे ओळखणे सोपे आहे. दोन साच्यांच्या सांध्याची खूण ओतीव क्रँकवर बारीक रेघेसारखी असते. घडीव क्रँकवर ती बोटभर रुंद पट्ट्यासारखी असते, कारण तेथील जास्तीचा धातू घासून काढलेला असतो. दुसरी कसोटी कानाची. क्रँक दोरीने टांगून हातोडीने हलकेच ठोकला तर ओतीव क्रँक बद्द आवाज करतो. घडीव क्रँक घंटेसारखा निनादतो आणि त्याचा नाद बराच वेळ लांबत राहतो. तडा गेलेली घंटा फुटका आवाज देते, त्याचप्रमाणे मोठी चीर पडलेला क्रँकही निनादत नाही. परंतु लहान चीर कानाला कळत नाही, आणि घात होतो तो लहान चिरेनेच.

धातूलाही थकवा येतो, हे मनुष्याला फार मोठी किंमत देऊन कळले. १८४२ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस वाटेत मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारे बाहेरून बंद असल्याने पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. जगप्रवासी दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल यांचाही त्यांत अंत झाला. आस वरून तर चांगला दिसत होता. मग मोडला कसा? पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील तरुण इंजिनियर विल्यम रँकिन यांनी मोडलेल्या आसांचा अभ्यास करून दाखविले की, जेथे व्यास एकदम बदलतो त्या कोपऱ्याशी चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. त्यानंतर प्रशियातील ऑगस्ट व्होलर यांनी कित्येक वर्षे आसांचे नमुने यंत्रावर फिरवून प्रयोग केले, आणि दोन गोष्टी सिद्ध केल्या. एका दमात जो भार पोलाद सहज पेलते, तोच भार लक्षावधी वेळा आला तर त्याला मोडू शकतो. आणि भार एका मर्यादेच्या खाली असेल तर पोलाद तो जवळजवळ अगणित वेळा सोसू शकते.

या दुसऱ्या सिद्धांतात ट्रकाच्या क्रँकचे सारे भवितव्य आहे. ट्रक बनविणारा इंजिनियर आपला क्रँक असा जाड करतो की, घाटात भरल्या गाडीने तासन् तास जोर लावला तरी धातूवरील ताण त्या मर्यादेच्या खाली राहावा. म्हणून पुष्कळ जुने क्रँक खरोखरच थकलेले नसतात. मालक थकतो, पत्रा गंजतो, पिस्टन झिजतात, आणि आतला पोलादी दांडा मात्र बहुधा जसाच्या तसा राहतो. त्यावर ज्यांचा विश्वास आहे ते चुकत नाहीत. पण ते येथेच थांबले तर चुकतात. कारण ट्रकात जे सोसले ते एक, आणि शर्यतीच्या यंत्रात जे सोसावयाचे ते दुसरेच.

ट्रकाचे असे यंत्र साधारण मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आतबाहेर चालते. वेगवान मोटारीच्या यंत्राला सहा हजार फेऱ्या घ्यावयाच्या असतात. ४२७ चा सव्वाचारशे अश्वशक्तीचा जाहीर आकडा याच फेऱ्यांवरचा. फेऱ्या दीडपट झाल्या, पण वरखाली धावणाऱ्या पिस्टनला थांबवून उलट फिरविण्यास लागणारे बळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट होते. ३.७९ इंचांची धाव आणि साडेसहा इंचांच्या जवळपास लांबीचा रॉड धरून हिशोब केला, तर सहा हजार फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो त्या क्षणी त्याचे वजन जणू अडीच हजार पटींनी वाढते. ७०० ग्रॅमचा पिस्टन धरला तर तो क्षणभर सतराशे किलोंहून अधिक जोराने क्रँकला वर ओढतो. आणि हे एका सेकंदात शंभर वेळा घडते. ट्रकाने या जातीचा ताण एवढ्या प्रमाणात कधी अनुभविलेला नसतो. म्हणून ‘इतकी वर्षे टिकला, तेव्हा आणखी टिकेल’ हा युक्तिवाद अपुरा आहे. जुन्या कामातील टिकाऊपणा ही नव्या कामाची शिफारस होते. हमी होत नाही.

हमी मिळविण्याचा मार्ग तपासणीचा. प्रथम क्रँक धुवून स्वच्छ करावयाचा. त्याच्या पोटातून जर्नलांना तेल पोहोचविणाऱ्या बारीक वाटा असतात. त्यांची तोंडे बुचांनी बंद केलेली असतात. ती बुचे काढून आतला वर्षानुवर्षांचा चिकट गाळ ब्रशाने खरवडून काढावा लागतो. फिरत्या क्रँकमध्ये हा गाळ बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि नव्या यंत्रात सुटून निघाला तर पहिल्या तासाभरातच बेअरिंगे ओरखडून टाकतो. त्यानंतर चुंबकाची परीक्षा. क्रँकमधून वीज खेळवून त्याला चुंबकत्व देतात, आणि लोखंडाची अतिसूक्ष्म चमकती पूड मिसळलेले द्रव त्यावर ओततात. पोलाद अखंड असेल तर पूड ओघळून जाते. जेथे चीर असेल तेथे चुंबकाची धार बाहेर फुटते, पूड तेथे गोळा होते, आणि काळोखात जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली हिरवट उजळ रेघ चमकू लागते. डोळ्याला जे दिसले नाही, बोटाला जे लागले नाही, ते येथे दिसते. परीक्षा संपल्यावर क्रँकचे चुंबकत्व काढून टाकणे तितकेच महत्त्वाचे असते. नाहीतर तो झिजेचे लोखंडी कण स्वतःकडे ओढून ठेवील.

अशी रेघ बहुधा दोन ठिकाणी उमटते. एक, जर्नल जेथे भुजेला मिळते त्या वळणाच्या कोपऱ्यात. दुसरे, तेलाच्या छिद्राच्या काठाशी. रँकिन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आसाच्या ज्या कोपऱ्याकडे बोट दाखविले होते, तोच हा कोपरा. रेघ दिसली की बहुतेक वेळा त्या क्रँकचा निकाल लागला. मग तो कितीही दुर्मीळ असो, कितीही पैसे देऊन आणलेला असो, त्याला भंगाराची वाट दाखविण्याचे धैर्य कारागिराजवळ पाहिजे. असा त्याग करणे कठीण जाते, हे मान्य केले पाहिजे. शोधात महिने गेलेले असतात, प्रवास झालेला असतो, आणि रेघ तर केसाएवढी असते. कारागिराची खरी परीक्षा यंत्रावर होत नाही. ती या क्षणी होते.

क्रँक तपासणीत उतरला म्हणजे पुढचे काम सुरू. दोन टोकांवर टेकवून, मधल्या जर्नलवर काट्याचे घड्याळ लावून तो सावकाश फिरवितात आणि वाक किती आहे ते पाहतात. एक-दोन सहस्रांश इंचांपेक्षा अधिक वाक असेल तर तो सरळ करावा लागतो. झिजलेली जर्नले ग्राइंडिंगच्या यंत्रावर दहा, वीस किंवा तीस सहस्रांश इंचांनी बारीक करतात, आणि तितकीच जाड बेअरिंगे घालतात. हे करताना कोपऱ्यातील वळण जपावे लागते. घाईचा कारागीर जर्नल गुळगुळीत करतो आणि कोपरा काटकोनी करून ठेवतो. दिसायला ते काम सुबक दिसते, पण त्याने चिरेला जन्म देण्याची जागाच तयार केलेली असते. उलट वळण फार मोठे ठेवले तर बेअरिंगची कड त्यावर चढते. म्हणून बेअरिंगची कड किंचित उतरती करून घ्यावी लागते. जर्नल आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी सोडावयाच्या फटीचा जुना ठोकताळा असा की, जर्नलच्या दर इंच व्यासाला एक सहस्रांश इंच. म्हणजे येथे सुमारे पावणेतीन सहस्रांश. कागदाहूनही पातळ अशा त्या तेलाच्या थरावर सारे यंत्र तरंगत असते.

काही कारागीर येथे एक युक्तीही करतात. २.४३८ इंचांचे रॉड जर्नल मध्य थोडा बाहेर सरकवून २.२०० इंचांपर्यंत बारीक केले, तर कोपर ०.११९ इंच लांब होतो आणि पिस्टनची धाव त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.२३८ इंच वाढते. ३.७९ ची धाव ४.०२८ होते, आणि ३९० घन इंचांचे यंत्र ४१५ घन इंचांचे होते. ओतीव क्रँकवर असा प्रयोग करावयास माणूस बिचकतो. घडीव पोलादाच्या भरवशावर तो करतो. परंतु मग रॉड दुसऱ्या मापाचे घ्यावे लागतात, आणि पिस्टनमधील पिन वर सरकविलेली असावी लागते. नाहीतर पिस्टन सिलिंडरच्या वर डोके काढील. एका सुधारणेच्या पाठोपाठ दुसरी दुरुस्ती येते, आणि खर्चाची यादी लांबत जाते.

शेवटचे मोठे काम तोल साधण्याचे. ट्रकाचा क्रँक ट्रकाच्या जड पिस्टनांसाठी तोललेला असतो. नव्या यंत्रातील पिस्टन व रॉड हलके. तेव्हा क्रँकवरील समतोलाची वजने जड ठरतात, आणि त्यांतून भोके पाडून किंवा कडेने तासून धातू कमी करावा लागतो. आठ सिलिंडरांच्या अशा यंत्रात नुसता क्रँक तोलून चालत नाही. रॉडच्या फिरत्या टोकाचे सगळे वजन आणि पिस्टनसह वरखाली होणाऱ्या भागाचे निम्मे वजन इतक्या भाराची जोखडे प्रत्येक जर्नलवर बांधून, मग तो तोलाच्या यंत्रावर फिरवितात. थोड्याशा चुकीचा परिणाम केवढा होतो, ते पाहा. मध्यापासून पाच सेंटिमीटरांवर दहा ग्रॅमची चूक राहिली, तर तीन हजार फेऱ्यांना ती सुमारे पाच किलोंचा हिसका देते, आणि सहा हजार फेऱ्यांना वीस किलोंचा. ट्रकात जी चूक खपली असती ती येथे बेअरिंगे फोडते. शिवाय लांब दांडा पिळला जाऊन परत उलगडतो, त्याचीही एक थरथर असते. ती जिरविण्यासाठी पुढच्या टोकाला रबर व लोखंड यांचा डॅम्पर लावतात. जुन्या डॅम्परमधील रबर वाळून तडकलेले असते. सगळे नवे घेऊन हाच एक तुकडा जुना ठेवणे, ही काटकसर महागात पडते.

एवढे केल्यावर हिशोब मांडावा. पूर्वी हा उद्योग निश्चितच फायद्याचा होता, कारण क्रँक भंगाराच्या भावाने मिळे आणि दुसरा मार्ग नव्हता. मोटारीची ही यंत्रे १९७६ साली आणि ट्रकाची १९७८ साली निघेनाशी झाली. आता अधिक धावेचे, घडीव पोलादाचे नवे क्रँक याच यंत्रांसाठी तयार मिळतात. तासणे, ग्राइंडिंग, तपासणी, तोल या साऱ्यांची मजुरी जोडली तर ट्रकाचा क्रँक पुष्कळदा नव्यापेक्षा स्वस्त राहत नाही. शिवाय साध्या हौशी मोटारीला त्याची गरजही नसते. १९६८ साली निघालेल्या ४२८ कोब्रा जेट यंत्रात ओतीव क्रँकच होता, आणि त्याने पाव मैलाच्या शर्यतींत नाव मिळविले. तेव्हा ज्याच्याजवळ चांगला ट्रकाचा क्रँक आधीपासूनच आहे, ज्याच्या जवळपास विश्वासाचा ग्राइंडिंगवाला आहे, आणि ज्याला जुनी वस्तू कामी लावण्यात समाधान आहे, त्याने हा मार्ग धरावा. केवळ पैसे वाचतील म्हणून धरू नये.

आणि धोका विसरू नये. चालकाच्या पायांपासून हातभर अंतरावर क्लच, फ्लायव्हील आणि गिअरपेटी फिरत असतात. १९७० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीचजवळील शर्यतीत प्रसिद्ध चालक डॉन गार्लिट्स यांच्या मोटारीची गिअरपेटी फुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटला. त्यानंतर त्यांनी यंत्र चालकाच्या मागे ठेवणारी मोटार बांधली आणि त्या जातीच्या शर्यतींचे रूपच बदलले. तेथे दोष क्रँकचा नव्हता. परंतु वेगाने फिरणारे लोखंड सुटले म्हणजे काय करते, याचा तो धडा होता. क्लचभोवती जाड पोलादी कवच घालण्याचा शर्यतींतील नियम अशाच धड्यांतून आला आहे. चिरेकडे काणाडोळा करणारा कारागीर केवळ आपले यंत्र पणाला लावीत नाही. मोटारीत बसणाऱ्या माणसाचे पाय, आणि प्रसंगी कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकाचा जीव, तो पणाला लावीत असतो.

श्रोतेहो, हा विषय दूरदेशचा असला तरी आपल्याला अगदी परका नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात ट्रकांचे क्रँक घडविले जातात आणि ते देशोदेशी जातात. कोल्हापूर आणि बेळगाव या गावांतून भट्ट्या आणि लेथ यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेली घरे आहेत. जुनी वस्तू टाकून न देता तिला दुरुस्त करून पुन्हा कामाला लावण्याची सवय तर आपल्या घराघरांतून आहे. ती सवय चांगली आहे. मात्र तिला तपासणीची जोड हवी. जुने आहे म्हणून टाकाऊ नव्हे, आणि जुने आहे म्हणून भरवशाचेही नव्हे. टांगून ठोकल्यावर जो निनादला, काळोखातील दिव्याखाली ज्याच्या अंगावर रेघ उमटली नाही, आणि नव्या कामाच्या मापात जो नव्याने तोलला गेला, तोच ट्रकाचा क्रँक वेगाच्या यंत्रात बसविण्यास योग्य. बाकीच्यांनी आपापले ओझे वाहून झाले आहे. त्यांना विश्रांती द्यावी, हेच बरे.